देवीच्या अंघोळीचं पाणी

"काका, देवीला अंघोळ घातलेलं पाणी जातं कुठे?"

सभामंडपात असा हशा पिकला की छतातली पारवी फडफडून उडाली!

भोंगा उभीच होती. कान तापले होते, पण ती बसली नाही. मागच्या खांबाआड तिचा आतेभाऊ लंबू आणि मैत्रीण चष्मिस तोंडात रुमाल कोंबून हसत होते. पैज त्यांचीच. "भर सभेत अध्यक्षकाकांना प्रश्न विचारून दाखव! विचारलास तर सुट्टीभर तुझी पाण्याची बाटली आम्ही डोंगरावर वाहू!" प्रश्नही त्यांनीच निवडला होता, शोधून शोधून सगळ्यात खुळचट.

गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी असं काही करेल असं कुणी म्हणालं असतं, तर त्यालाच वेड्यात काढलं असतं. वर्गात ती 'हजर' एवढ्या हळू म्हणायची की बाई तिची गैरहजेरी लावायच्या! मग शाळेच्या नाटकात ऐन वेळी माइक बंद पडला. बाकीचे गडबडले आणि हिचा आवाज मात्र शेवटच्या रांगेवरून थेट रस्त्यावर पोचला. त्या दिवसापासून तिचं नाव भोंगा. आणि भोंग्याला स्वतःचा आवाज इतका आवडायला लागला होता की तो कुठे ठेवू आणि कुठे नको असं तिला झालं होतं.

"अगं बाळे," देवस्थान समितीचे अध्यक्षकाका हसू आवरत म्हणाले. त्यांचा पांढरा सदरा इतका कडक होता की ते वळले की कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. "पाणी जातं गोमुखातून. दरीकडच्या भिंतीत दगडी गाईचं तोंड आहे ना, त्यातून. पुजाऱ्याची पोर तू, आणि तुला एवढं ठाऊक नाही?"

"पण ते तर कोरडं असतं!"

"उन्हाळा आहे! सगळंच कोरडं आहे. बस खाली."

पुन्हा हशा! पण तो आधीसारखा रंगला नाही, कारण लगेच काकांनी मुद्द्याला हात घातला. दरीकडची भिंत फुगली आहे. देऊळ म्हातारं झालं. आपणहून पडायच्या आधी ते उतरवून टाकलेलं बरं. देवी खालच्या हॉलमध्ये बसेल. पुढे वर नवं देऊळ होईल, सिमेंटचं, संगमरवरी, थेट दारात गाडी! "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले.

भोंग्याचे बाबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. मांडीवर पितळेचा तांब्या. त्यांनी हात वर केला नाही. "नको" म्हणायला तोंडही उघडलं नाही. फक्त तांब्यावरून अंगठा फिरवत राहिले, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

सभा उठल्यावर लंबूनं इमानदारीत हात पुढे केला. "आण बाटली. हरलो बुवा!"

पण भोंगा देवळाला वळसा घालून दरीच्या बाजूला गेली होती. ती गोमुखापुढे उकिडवी बसली. गाईच्या दगडी तोंडात कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं, आणि कोळी मधोमध आरामात बसला होता.

"हा बघ, अध्यक्ष!" लंबू म्हणाला.

"गप रे. हे जाळं आजचं नाही," भोंगा म्हणाली. "इथून पाणी वाहत असतं तर हा बसला असता का?"

चष्मिसनं चष्मा नाकावर सारला. ती विचार करायला लागली की आधी चष्म्याला त्रास द्यायची. "पण आत तर दिवसभर पाणी पडतंय. अखंड धार!"

पूर्वी बाबा रोज सकाळी डोंगराच्या खांद्यावरच्या कुंडातून तांब्याभर पाणी आणून देवीला अंघोळ घालायचे. मग अध्यक्षकाकांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ वर टाकी बसवली, नळी घातली, मंडपात पाटी लावली. आता बाबा सकाळी मंडपातला नळ सोडायचे आणि देवीच्या डोक्यावर संध्याकाळपर्यंत धार पडत राहायची. त्याच वेळी गाभाऱ्यात चकचकीत फरशी आली. बाहेरच्या दगडांमधल्या फटीही छान दिसावं म्हणून सिमेंटनं भरून टाकल्या. सगळे म्हणाले होते, वा!

"मग एवढं पाणी..." चष्मिस बोलता बोलता थांबली.

"ए, इकडे या!" लंबूनं फुगलेल्या भिंतीवर हात ठेवला होता. त्यानं तो काढला आणि उताणा करून दाखवला. तळवा ओला होता. "देवळाला घाम आलाय!"

आजूबाजूचं सगळं गवत उन्हानं पिवळं पडलं होतं. आणि त्या भिंतीच्या पोटावर हिरवंगार शेवाळ होतं.

त्या शेवाळाच्या वरच देवळाचा सगळ्यात जुना भाग होता, दगडात कोरलेली एक लांब पट्टी. डोक्यावर दगड घेऊन चढणाऱ्या बायका, एकीमागे एक. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. फार फार पूर्वी नदीनं सगळी वस्ती गिळली, तेव्हा माणसं डोंगरावर पळाली आणि एका उघड्या शिळेपाशी जगली. ती शिळा म्हणजेच देवी. पूर ओसरल्यावर त्यांनी घरं बांधायला खाली जायच्या आधी तिच्यावर छप्पर घातलं, स्वतःच्या डोक्यावरून दगड वाहून. म्हणून या देवळावर कुठल्या राजाचं नाव नव्हतं. नुसत्या या बायका होत्या.

ओळीतली शेवटची बाई चढत नव्हती. ती आपला दगड शेजारी ठेवून, कपाळाला हात लावून बसली होती. देवीच्या दारातसुद्धा एक बाई दमून बसलेली दाखवायची, आणि तिला कुणी उठवायचं नाही! भोंग्याला ती लहानपणापासून सगळ्यांत आवडायची. जाता-येता ती तिच्या गुडघ्याला हात लावायची, इतका की गुडघा गुळगुळीत झाला होता.

घरी आई डबे पोत्यात भरत होती. घर म्हणजे पायथ्याच्या दोन खोल्या. त्यातली एक आता निम्मी रिकामी दिसत होती.

"मामाचा निरोप आलाय," आई म्हणाली. "दुकानात माणूस हवंय. खिळे, पत्रे, रंगाचे डबे, सोपं काम आहे. सुट्टी संपायच्या आत गेलं म्हणजे तुझी शाळाही बुडणार नाही."

"आणि देवी?"

"हॉलमध्ये समिती बघेल कुणाला तरी."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. समोरचं ताट तसंच होतं. ते बोलले, पण ना आईकडे बघून, ना भोंग्याकडे.

"एवढ्या पिढ्या उभं राहिलं. माझ्याच हातात आल्यावर का कोसळावं? माझ्याकडून काहीतरी चुकलं असणार. देवी रुसली माझ्यावर."

"काहीतरीच काय बाबा!" भोंगा इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारचं कुत्रं भुंकलं. "तुमचं काही चुकलेलं नाही! मी सिद्ध करून दाखवते!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हसायचा प्रयत्नही केला. ते ओरडले असते तर भोंग्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून बाबा खाली गेले, तसं त्रिकूट देवळात शिरलं. चष्मिसच्या हातात कपड्यांना घालायच्या निळीची बाटली होती, न फोडलेली.

"आईला काय सांगितलंस?" भोंग्यानं विचारलं.

"देवकार्याला हवीय म्हणाले. खोटं थोडंच आहे?"

गाभाऱ्यात धार चालू होती. देवीच्या शिळेवरून पाणी खाली येत होतं आणि उंबऱ्याजवळच्या फरशीत एक भोक होतं, त्यात नाहीसं होत होतं. आता अडचण अशी, की पुजाऱ्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही हा इथला नियम, फक्त फरशीच्या कामापुरता एकदा सैल केलेला. भोंग्यानंही तो कधी मोडला नव्हता. तिन्ही डोकी एकदम लंबूकडे वळली, म्हणजे त्याचं स्वतःचं धरून!

"सगळी कामं मलाच का?"

"देवानं एवढे लांब हात कशाला दिलेत मग? सुट्टीत पंखे पुसायला?"

लंबू उंबऱ्याबाहेर पालथा पडला. चष्मिस त्याच्या पायांवर बसली. त्यानं बाटली धरून हात आत लांबवला. अख्खी नीळ भोकात गेली. देवीवर एक थेंबही नाही!

"आता गोमुख!"

तिघं धावत गोमुखापाशी जाऊन बसली. कोळी जाळ्यात निवांत होता. थांबली, थांबली, थांबली. गाईच्या तोंडातून काहीही आलं नाही. निळं नाही, पांढरं नाही.

"गेलं कुठे?" लंबू म्हणाला. "गाय प्यायली का?"

तेवढ्यात पायऱ्यांवर कागद फाटल्यासारखा आवाज आला. अध्यक्षकाका! त्यांच्याबरोबर हातात टेप घेतलेल्या इंजिनिअरबाई होत्या. देऊळ कुठून उतरवायला घ्यायचं, ते बघायला आलेल्या. आणि मागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाबा.

"तुम्ही पुन्हा इथे?" काका धापा टाकत म्हणाले. "धोक्याची जागा आहे ही! चला, पळा!" आणि दम घ्यायला म्हणून ते त्याच धोक्याच्या भिंतीला पाठ लावून टेकले.

"काका, एकच मिनिट," भोंगा म्हणाली. "कालचा प्रश्न राहिलाय."

"आता काय आणखी?"

"देवीला अंघोळ घातलेलं पाणी जातं कुठे?"

"डोकं फिरवू नकोस हां माझं!" काका तरातरा निघाले. त्यांनी पाठ वळवली मात्र, चष्मिस किंचाळली.

"काका! तुमची पाठ!"

पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची अख्खी पाठ निळी झाली होती! फटींच्या रेघा तिच्यावर उमटल्या होत्या, शिक्का मारल्यासारख्या. लंबू फिस्सकन हसला आणि मग त्याचं हसू आपोआप विझलं. कारण सगळे आता भिंतीकडे बघत होते. सिमेंट जिथे जिथे तडकलं होतं, तिथून निळं पाणी झिरपत होतं. बायकांच्या ओळीखालून, शेवाळातून, बारीक बारीक धारांनी. भिंत रडत असल्यासारखी.

भोंग्यानं एका दमात सगळं सांगितलं. नीळ, भोक, गोमुख, कोळी. इंजिनिअरबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आतली फरशी घातली तेव्हा हे भोक झाकलं होतं का?"

काका आठवू लागले. "झाकायचं कशाला? उलट उपयोगच झाला. कामाची माणसं घमेली तिथेच धुवायची. पांढऱ्या सिमेंटचं पाणी, फरशी घासल्याचा चिखल, सगळं त्यातच..." बोलता बोलता त्यांचा आवाज बसत गेला.

"आणि ते आत जाऊन घट्ट झालं," बाई म्हणाल्या. "गोमुखाची वाट बंद झाली. वर तुम्ही बाहेरच्या फटीही लिंपल्या. पाण्याला बाहेर पडायला जागाच नाही. ही भिंत म्हातारी झालेली नाही. तिच्या पोटात पाणी भरलंय, रोज, वर्षानुवर्षं!"

"बघितलंत!" भोंगा टुणकन उडाली. "बाबा, बघितलंत ना? तुमचं काही चुकलं नव्हतं! देवीबिवी काही रुसली नव्हती! नुसतं पाणी होतं! ते..."

आणि तिचं लक्ष बाबांकडे गेलं.

बाबा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"नळ मीच सोडायचो," ते म्हणाले. "रोज सकाळी. याच हातानं. आता कुंडापर्यंत जायला नको म्हणून बरं वाटायचं मला."

एवढा मोठा आवाज मिळाला होता भोंग्याला, आणि त्यातला एक शब्द आता उपयोगाचा नव्हता.

इंजिनिअरबाईंनी धावत जाऊन नळ बंद केला. परत येऊन त्या भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या, आणि झटकन मागे सरल्या. "सगळे वर मंडपाच्या पुढे चला. आत्ता! हिला टेकू द्यायला हवेत. माणसं बोलवा, वासे आणा!"

अध्यक्षकाका निळ्या पाठीनं डोंगर उतरत पळाले. त्या वयात, त्या उन्हात! लंबू त्यांच्या पुढे. बाबाही गेले. ते सगळे खांद्यावर वासे घेऊन निम्म्या वाटेवर आले होते, तेव्हा भिंत पडली.

आवाज फार मोठा नव्हता. कुणी तरी पोतं खाली ठेवावं तसा. मग धूळ. मग पुन्हा एकेक दगड घरंगळत गेल्याचा, खूप वेळ, खाली, आणखी खाली.

धूळ बसल्यावर भोंगा पुढे धावायला निघाली, पण इंजिनिअरबाईंनी तिचा दंड धरला. तिथूनच तिनं पाहिलं. भिंतीला मधोमध भलं मोठं भगदाड पडलं होतं. आत, अंधारात कायम बसणारी देवी पहिल्यांदाच उजेडात होती, ओली, आणि खूप लहान. गोमुखाचा कोपरा तेवढा उभा होता. बायकांची ओळ नव्हती.

संध्याकाळपर्यंत माणसांनी हाताशी आले तेवढे दगड बाजूला लावले. कुठे नुसता हात, कुठे कंबर, कुठे डोक्यावरचा दगड आणि खाली डोकंच नाही. भोंगा प्रत्येक तुकडा उलटून बघत होती. शेवटी लंबूनं तिला हाक मारली. एक दगड तोंडावर पडला होता. दोघांनी मिळून तो उताणा केला.

दमून बसलेली बाई. जशीच्या तशी. गुळगुळीत गुडघ्यासकट.

"एवढ्या सगळ्या चढत होत्या," भोंगा म्हणाली, "आणि उरली ती नेमकी बसलेली."

लंबूनं रुमाल काढून बाईच्या कपाळावरची धूळ पुसली.

पुढच्या सभेत कौतुक झालं. खूप झालं! इंजिनिअरबाईंनी सांगितलं की बाकीच्या तिन्ही भिंती भक्कम आहेत, पाणी थांबलं तर अजून कित्येक पिढ्या उभ्या राहतील, देऊळ उतरवायचं कारण नाही. "आणि हे मोठ्यांच्या नाही, या मुलांच्या लक्षात आलं!" टाळ्या! गवंड्यांनी तळाच्या दगडी नळीतून काढलेला सिमेंटचा बोळा सगळ्यांना हातोहात दाखवला. लांबट, पांढरा, खडूच्या जाड कांडीसारखा. एवढासा तर होता! चष्मिसला नवी निळीची बाटली मिळाली, तेव्हा लोक हसले. अध्यक्षकाकांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास रे पोरांनो. तुम्ही होतात म्हणून..." एवढं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. सभेनंतर ते एकटेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुन्हा मंडपात गेले आणि आईच्या नावाची पाटी छातीशी धरून बाहेर आले. त्यांच्यावर हसायचं भोंग्यानं आधी ठरवलं होतं. जमलं नाही.

पण कौतुक ऐकायला बाबा आलेच नव्हते.

भिंत पडल्यापासून ते वर गेले नव्हते. गाभाऱ्याला ताडपत्री लावली होती. तिच्याआड देवी तशीच होती, धुळीची. कुणी हात लावला नव्हता, कारण उंबरा ओलांडायचा तो पुजाऱ्यानंच. समितीनं दोनदा माणूस पाठवला. बाबा म्हणाले, "दुसरं कुणी बघा. हा हात आता तिला लावायचा नाही मला."

भोंगा घरी आली तेव्हा पोती दाराशी बांधून ठेवलेली होती. आई सुतळीच्या गाठी ओढून बघत होती, ज्या आधीच घट्ट होत्या. बाबा खाली बसले होते, कपाळाला हात लावून.

भोंगा त्यांच्याकडे बघत राहिली. हे बसणं तिनं कुठे पाहिलंय, ते तिला बरोबर आठवत होतं.

"बाबा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली.

"ऐकू आल्या इथपर्यंत."

"देऊळ पाडणार नाहीत."

"चांगलं झालं, बाळा."

"मग आपण का जायचं?"

बाबांनी हात खाली घेतला नाही. "लोक म्हणतात, अध्यक्षांची चूक, फरशीवाल्यांची चूक. असेल. पण गोमुख कोरडं पडलं ते आधी कुणाला दिसायला हवं होतं? रोज कोण होतं तिथे? पोरं एका दिवसात बघतात, आणि मी..." ते थांबले. "तू विचारलास तो प्रश्न माझा होता गं. मी विचारला नाही."

आई तोंड वळवून उभी राहिली. "टेम्पो सकाळी येणार आहे," ती म्हणाली. "आता तो विषय नको."

कोनाड्यात पितळेचा तांब्या होता. तो पोत्यात भरायचा की देवळात ठेवायचा, ते ठरलं नव्हतं. भोंग्यानं तो उचलला. रिकामा असूनही जड होता. आतून थोडा हिरवा पडायला लागला होता. एका जागी, अंगठा फिरून फिरून, सोन्यासारखा चमकत होता.

तिनं आपला अंगठा तिथे ठेवला. बरोबर बसला नाही, जागा मोठी होती.

"आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. नाटकातल्या आवाजात नाही. वर्गात 'हजर' म्हणायची, त्याच आवाजात. पण दोघांनाही नीट ऐकू आलं, कारण दोघांनीही मान वर केली.

"मी उद्या मामाकडे येत नाही. आत्याकडे राहीन, मी विचारलंय तिला. सकाळी कुंडावरून हा तांब्या भरणार आणि उंबरा ओलांडणार. नियम काय आहे ते मला माहितीये. समितीनं अडवलं तर त्यांना म्हणेन, दुसरं कोण आहे ते दाखवा. देवीला एक तांब्या पाणी घालणार, बाबा. एकच. मग बाहेर येऊन गोमुखापुढे बसणार. आणि ते पाणी तिथून बाहेर आलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी डोंगर उतरणार नाही. रोज."